फरशी आहे गं ती

लिंबाची अर्धी फोड खिडकीत पालथी घातलेली होती. सकाळचे सात वाजले असतील. आई कोमट पाण्यात लिंबू पिळून घेते आणि उरलेली फोड सुकू नये म्हणून हाताला येईल तिथे पालथी घालते, कधी ओट्यावर, कधी डब्याच्या झाकणावर. त्या दिवशी हाताला खिडकीचा कट्टा आला. मी चहाचं आधण ठेवायला आले, फोड उचलली, तर खाली पांढुरका गोल. रुपयाच्या नाण्याहून मोठा, निस्तेज, जणू तेवढ्याच जागी दगडाची नजर गेली होती. कोरड्या फडक्याने पुसला, ओल्या फडक्याने पुसला, नखाने खरवडून पाहिला. काही उपयोग नाही. मग मी आईला बोलले. बोलले म्हणजे ओरडलेच. "किती वेळा सांगितलंय, या दगडावर लिंबू ठेवत जाऊ नकोस म्हणून?" आई पेला दोन्ही हातांत धरून उभी होती. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "फरशी आहे गं ती."

ती चिडून म्हणाली असती तर मी दुपारपर्यंत विसरले असते.

तर ही फरशी. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, आणि पुण्याचा पाऊसही तिकडूनच येतो. बिल्डरने खिडकीला काळ्या कडप्प्याची पट्टी बसवली होती, तिचा उतार बाहेर असायचा तो आत होता आणि मधोमध तडा गेलेला होता. जुलैत पाणी सरकत्या खिडकीच्या ट्रॅकखालून हळूच आत यायचं, भिंतीला पोपडे धरायचे, आणि मी चार महिने तिथे एक जुना टॉवेल पिळून पिळून ठेवायचे. गेल्या वर्षी ठरवलं की हे पावसाच्या आधी उरकायचं. दगडांच्या दुकानात गेले. आरशासारखे चकचकीत ग्रॅनाइट होते, हाताला चामड्यासारखे लागणारे होते, नाव इटलीचं आणि रंग दह्यासारखा असले संगमरवरही होते. आणि एका कोपऱ्यात शहाबादी. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, सध्या हाच चालतोय. फार्महाउसवाले सगळे हाच नेतात." मला हसू आलं. आमच्या सोलापुरात शहाबादी म्हणजे मोझॅक परवडत नाही म्हणून घातलेली फरशी. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे हिरव्या-लाल ठिपक्यांची मोझॅक होती. तिच्या घरी गेलं की मी चप्पल काढताना एक क्षण जास्त घ्यायचे, नुसतं बघायला.

त्याच फेब्रुवारीत सोलापूरला गेले, तर काकांनी जुन्या घराची फरशी उखडायला घेतलेली. आत गुळगुळीत मोठ्या टाइल्स येणार होत्या. उखडलेल्या शहाबाद्या परसात लिंबाच्या झाडाला टेकवून उभ्या केलेल्या (लिंब म्हणजे कडुलिंब, आमच्याकडे त्याला नुसतंच लिंब म्हणतात). काही गटारावर झाकायला जाणार होत्या, काही शेजाऱ्यांनी मागितल्या होत्या. मी म्हटलं, मला तीन द्या. काका म्हणाले, "पुण्यात दगड संपले का काय?" मी एकेक फरशी पुढे ओढून, तळव्याने चाचपून पाहिली आणि स्वयंपाकघराच्या मधल्या, पायांनी घोटून घोटून मऊ झालेल्या तीन निवडल्या. तळवा फिरवला आणि सगळी दुपार परत आली. मे महिना, बाहेर त्रेचाळीस अंश, आजी फरशीवर बादलीभर पाणी मारून फडक्याने ओढून घ्यायची, आणि आम्ही भावंडं त्या गार, काळसर झालेल्या दगडावर गाल टेकून पडायचो. सांध्यांतून मुंग्या जायच्या. दगड वाळत यायचा तसा काळ्याचा निळसर करडा व्हायचा, कडेकडून आत, आणि शेवटी मधे एक ओला ठिपका उरायचा. तो कोणाच्या वाट्याला येतो यावरून भांडणं. गाडीच्या डिकीत जुन्या चादरींत गुंडाळून मी त्या फरश्या पुण्याला आणल्या, तेव्हा आपण काहीतरी वाचवून आणतोय असं मला वाटत होतं.

आईने डिकीत डोकावून पाहिलं. "या कशाला आणल्यास?"

मिस्त्री आले ते एप्रिलमध्ये. पन्नाशीचे, बारीक, कानामागे पेन्सिल. फरशी उभी धरून त्यांनी हातोडीच्या दांड्याने तिच्यावर टिचकी मारल्यासारखं वाजवलं. पहिली ठणठणीत वाजली. दुसरीही. तिसरी बद्द बोलली. "ही नको," ते म्हणाले, "पोटात फुटलीय." बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यांनी कडेला छिनी लावून दोन ठोके दिले आणि फरशीचा वरचा पापुद्रा भाकरीसारखा सुटून आला. मग हसून म्हणाले, "आमच्याकडची आहे ही. लहानपणी हेच केलं आम्ही." ते शहाबादकडचे निघाले. सोलापूरहून गाडीने निघालं की कलबुर्गी मागे पडल्यावर, वाडी जंक्शनच्या अलीकडे शहाबाद लागतं. त्यांचे वडील खाणीवर होते. त्या दगडाचा गुणच असा की तो थरांत बसलेला असतो, फटीत पहार घालून उचकटला की सपाट पाटच हाती येतो, फार घडवावा लागत नाही. म्हणून तर तो स्वस्त, म्हणून तर तो आमच्या घरात. कधीकाळच्या उथळ समुद्राच्या तळाशी बसलेला चुन्याचा गाळ तो. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि हा गाळ तिच्याही कितीतरी आधीचा, त्या लाव्हाच्या खालचा. हे मला माहीत होतं, पण मिस्त्रींना सांगायला गेले नाही. ज्या माणसाने तो थर हाताने सोडवलाय त्याला त्याचं वय काय सांगायचं?

खिडकीची रुंदी पाच फूट दोन इंच. दोन-दोन फुटांच्या फरश्या, तेव्हा एकेका फरशीतून दोन पट्ट्या, आणि चारपैकी तीन लागणार. मधे दोन सांधे. मला सांधे नको होते, मला सलग दगड हवा होता. मिस्त्री म्हणाले, "ताई, सलग हवा तर ग्रॅनाइट आणा. हिला सांधा राहणारच." कापायचं काम गच्चीवर. खाली वाळूची पोती पसरून त्यावर फरशी निजवली, अशी की कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधार राहील. नाहीतर शेवटच्या इंचाला तुकडा स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि कोपरा तोडून घेऊन पडतो. गुण्या लावून रेघ मारली, तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली, पट्टीवर पुन्हा रेघ. चिकटपट्टीने कडा कमी उडतात. मग डायमंडचं पातं लावलेला कटर. पहिला हात अगदी हलका, नुसती रेघ खोदल्यासारखा, दुसरा जरा खोल, तिसऱ्यात आरपार. एका दमात कापायला गेलं की पातं तापतं आणि दगड दाणे टाकतो. त्यांचा मदतनीस मुलगा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून पात्यावर पाण्याची बारीक धार धरून होता. तरी तोंडाला रुमाल होताच. कोरडं कापलं की धुरळा सगळ्या गच्चीवर, शेजाऱ्यांच्या पापडांवर आणि आपल्या छातीत. ग्रॅनाइटचा तर आणखी वाईट, म्हणाले मिस्त्री, त्यात गारगोटी असते, ती फुप्फुसातून परत निघत नाही. त्यांच्या ओळखीतले दोघे त्यानेच गेले. हे त्यांनी पातं बदलता बदलता सांगितलं, पाऊस कधी येणार हे सांगावं तसं.

तो आवाज मी विसरणार नाही. दाताच्या डॉक्टरकडे कानात घुमतो तसा, पण गच्चीएवढा. करडा राबडा रेघेतून बाहेर येत होता, पोत्यांवरून ओघळत होता, आणि वास सुटला होता, पहिल्या सरीचा आणि विझलेल्या काडीचा मिळून एक. कापलेल्या कडेला बोट लावलं. आतला दगड कोवळा, फिकट निळा होता. वरचा काळसरपणा दगडाचा नव्हताच. तो आमचा होता, तेलाचा, पायांचा, स्टोव्हच्या काजळीचा, नखाएवढासुद्धा खोल न गेलेला.

दोन्ही टोकांना खिडकीच्या बाजूच्या भिंती आत येत होत्या, तिथे एलच्या आकाराची खाच काढायची होती. मला वाटलं, दोन बाजूंनी दोन काप मारले की कोपरा आपोआप सुटेल. मिस्त्रींनी आधी त्या कोपऱ्याच्या ठिकाणी ड्रिलने छोटं भोक पाडलं आणि मग दोन्हीकडून कापत त्या भोकापर्यंतच आले. पातं गोल असतं, त्यामुळे खालपर्यंत कापायचं तर वरून रेघ पुढे जाते, आणि पुढे गेलेल्या त्या केसभर रेघेतूनच उद्या तडा चालायला लागतो. "कोपरा टोकदार ठेवायचा नाही," ते म्हणाले, "दगड तिथूनच जातो." बाहेरच्या कडेला, दगडाच्या पोटाला, त्यांनी बोटभर आत एक बारीक चर काढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून तो कधी दिसणार नव्हता. मी विचारलं, कशाला? "पाणी चिकट असतं ताई. दगडाच्या खालून सरपटत भिंतीपर्यंत येतं. चर लागला की तिथेच लोंबतं आणि पडतं." वीस वर्षं जी भिंत मी दर पावसाळ्यानंतर रंगवून घेतली, तिच्यात एवढ्याच एका चराची उणीव होती.

बसवण्याचं काम अर्ध्या दिवसात झालं. पाण्याच्या नळीने दोन्ही टोकं एका पातळीत घेतली, बाहेरच्या अंगाला नाण्याच्या जाडीएवढा उतार दिला, आणि माझ्या मुलाची गोटी ठेवून ती बाहेर घरंगळते का हे तीनदा पाहिलं.

सीलरचं, म्हणजे दगडाने पाणी-तेल पिऊ नये म्हणून लावायच्या द्रवाचं, काम मी स्वतः करणार होते. वाचून, व्हिडिओ बघून मी त्यात चांगलीच शहाणी झाले होते. दोन प्रकार असतात. एक वर साय धरल्यासारखा थर देतो, दिसायला झकास, पण उन्हाने त्याचे पापुद्रे निघतात आणि आतली ओल अडकून पडते. दुसरा दगडाच्या छिद्रांत शिरतो आणि बाहेरून लावलाय हे कळतसुद्धा नाही. मी दुसरा आणला. पण त्याआधी दगड साफ हवा आणि कोरडा हवा. मधल्या पट्टीवर एक तेलकट काळा डाग होता, बहुधा फोडणीच्या कढईच्या जागेचा. खायचा सोडा पाण्यात घट्ट कालवून त्याचा जाड लेप दिला, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी प्लास्टिक काढून लेप वाळू दिला, मग खरवडला तर तो पिवळा पडलेला, तेल ओढून घेतलेला. तीन रात्री हेच केलं. डाग फिका झाला, गेला नाही, आणि मला तो जायला नकोही होता. मग धुऊन पाच दिवस वाळू दिला. कोरडा झाला की नाही हे बघायला पुन्हा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी आतून घाम धरला तर ओल आहे. पहिल्या सकाळी घाम होता. आणखी दोन दिवस थांबले.

आई हे सगळं खुर्चीत बसून, मेथी निवडत बघत होती. मला वाटलं होतं तिला भरून येईल. आपल्या स्वयंपाकघराचा तुकडा पुण्यात आला, पावसाच्या खिडकीत बसला. मी म्हटलंसुद्धा, "आई, आठवतं ना, आजी पाणी मारायची ते?" आई म्हणाली, "पाणी आजी मारायच्या. ओढून मी घ्यायचे." मग जरा वेळाने, देठ मोडत, "सतरा वर्षं मी ती फरशी गुडघ्यावर बसून पुसली. सोडा टाकून घासली, तरी कधी पुसल्यासारखी दिसली नाही. तुमच्या आत्या यायच्या आणि म्हणायच्या, फरशी काळीच दिसतेय. तुझ्या बाबांना म्हटलं होतं मी, निदान स्वयंपाकघरात तरी मोझॅक घालू या." मला आठवण्याचा प्रयत्न करूनही आईचा फरशी पुसतानाचा चेहरा आठवला नाही. आठवली ती पाठ. आम्ही गाल टेकून झोपलेले असायचो आणि ती आमच्या भोवतीने पुसत जायची, "पाय उचल," म्हणत. त्या पाठीला मी गारव्याचा भाग समजत होते.

माझ्या हातात तेव्हा सीलरचा डबा होता. मी सुती फडक्याने तो लावला, दहा मिनिटं मुरू दिला, वर राहिलेला पुसून काढला, कारण तसाच वाळला तर धुरकट पडदा येतो. दुसरा हात दिला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री पैसे न्यायला आले, तेव्हा मी मोठ्या हौसेने दगडावर चमचाभर पाणी टाकून दाखवलं. पाणी अळवाच्या पानावर उभं राहतं तसं उभं राहिलं. मिस्त्री वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आता पीत नाही हा." त्यात कौतुक होतं की नाही, मला कळलं नाही.

पुढचे महिने मी त्या कट्ट्याची राखण केली. पाऊस आला, चर पावला, भिंत कोरडी राहिली. कुंड्यांखाली बशा, तेलाच्या बाटलीखाली ताटली, पाहुण्यांच्या कपाखाली मी चपळाईने सरकवलेलं काहीतरी. आईला नियमांची यादी दिली होती. त्यात लिंबू सगळ्यात वर होतं, कारण सीलर लिंबापुढे हरतो. तेल, हळद, चहा हे दगडाच्या आत शिरायला बघतात, त्यांना सीलर अडवतो. आंबट पदार्थाला आत शिरायचंच नसतं. शहाबादी काय, कडप्पा काय, कोटा काय, संगमरवर काय, सगळे चुन्याच्याच घराण्यातले, त्यामुळे लिंबू तो चुनाच विरघळवतं, जागच्या जागी. डाग म्हणजे बाहेरचं काही आत आलेलं असतं. त्या सकाळच्या गोलात आत काही आलंच नव्हतं, दगडच तेवढा कमी झाला होता. म्हणून तो पुसून जात नव्हता.

हे सगळं मी आईला समजावून सांगणार होते, त्याच दिवशी, भांडण मिटवायला म्हणून. वाक्य मनात जुळवत भांडी लावत होते आणि हातात तिचा जुना पितळी पेला आला. आणि एकदम मोरीजवळची फरशी आठवली.

मोरीच्या तोंडाशी एक फरशी होती, खरखरीत, पांढुरकी, बाकीच्यांहून वेगळी. उघड्या पायाला ती चावायची. आम्ही भावंडं समजत होतो की तो वेगळा दगड आहे, गवंड्याने चुकून बसवलेला. खेळताना त्या चौकोनावर पाय पडला की आउट. वेगळा कसला. त्याच खाणीतली, त्याच चळतीतली असणार. पण आई रोज तिथे बसून चिंचेने पितळ घासायची. तांबे, घागरी, देवाची भांडी, सणावाराला तर ढीग. चिंचेचा चोथा, आंबट पाणी, राख, सगळं त्या एका फरशीवरून मोरीत जायचं. सतरा वर्षं. दुसऱ्या फरश्या पायांनी घोटल्या गेल्या आणि ही रोज थोडी थोडी खाल्ली गेली. फेब्रुवारीत परसात ती माझ्या हाताला लागली होती. तळवा फिरवला, खरखरीत लागली, मी ती बाजूला सरकवून मागची ओढली.

काकांना फोन केला. ते म्हणाले, कुठली कुठे गेली काय माहीत, गेटापाशी गटारावर दोन आहेत, उरलेल्या शेजाऱ्यांनी नेल्या.

मिस्त्रींनाही विचारलं. ते म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, बारीक पॉलिश पेपरने ओलं घासलं की गोल जाईल, मग तेवढ्यावर पुन्हा सीलर मारा. कधी येऊ? मी म्हटलं, सांगते.

दुसऱ्या दिवसापासून आई लिंबाची फोड बशीत ठेवायला लागली. बशी कट्ट्यावर, बशीत फोड, फोडीवर वाटी. इतकं नीटनेटकं की मला बघवेना. चार दिवसांनी मीच बशी उचलून मागे ओट्यावर ठेवली. ती काही बोलली नाही.

परवा सकाळी पावसाची भुरभुर होती. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा आई खिडकीशी उभी होती, एका हातात खोबरेल तेलाची बाटली. दुसऱ्या हाताच्या बोटावर थेंब घेऊन ती त्या पांढऱ्या गोलावर चोळत होती, आजी पाट्याला, चौरंगाला तेल लावायची तशी, गोल गोल. आजूबाजूच्या दगडावर तेल नुसतंच इकडून तिकडे सरकत होतं, थेंब धरून. गोलावर मात्र ते जरा टिकल्यासारखं, काळसर झाल्यासारखं वाटलं. "बघ, तेवढ्याच जागी बसतंय," आई म्हणाली, मागे न बघता. मी पुढे जाऊन बघितलं. उजेड कमी होता, गोल दिसत होता की नव्हता, नक्की सांगता येईना. बोटाला उरलेलं तेल तिने कपाळापाशी केसांना लावलं, बाटलीचं बूच बसवलं, आणि बाटली तिथेच, कट्ट्यावर ठेवली. मी आधण ठेवलं.